जुनी १६ मिमी रिळं साफ करायला कोणतं मशीन आणि कोणतं द्रावण घ्यावं?

मशीन घेऊ नका. तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या टुरिंग टॉकीजची १६ मिमीची रिळं पेटीत पडून आहेत, काहींवर तेलकट काजळी आहे, काहींवर पांढरी बुरशी, आणि कुणीतरी पेट्रोल नाहीतर उद्यमनगरातून, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतून, ट्राय आणून पुसायला सांगितलंय. मी कोल्हापुरातच प्रोजेक्टर दुरुस्त करतो, रिळंही पुसून देतो, म्हणून लिहितोय.

ट्राय म्हणजे ट्रायक्लोरोइथिलीन. लोखंडी पार्टांचं ग्रीस काढायला ते ठीक, पण त्याने कॅन्सर होतो हे सिद्ध झालंय. पेट्रोल मागे चिकट थर सोडतं, शिवाय आगीची भीती. थिनरमध्ये ॲसिटोन असतो, तो ॲसिटेटचा बेस, म्हणजे चित्राखालची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी, मऊ करतो. जुने ऑपरेटर कार्बन टेट (कार्बन टेट्राक्लोराइड) वापरायचे. त्याने लिव्हर जातं.

आधी डबा उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर ॲसिटेट कुजायला लागलंय. ते कशानेही पुसून परत येत नाही आणि शेजारच्या रिळांनाही लागतं. ते रीळ वेगळं, थंड आणि कोरड्या जागी ठेवा. नायट्रेटची, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या जुन्या बेसची, काळजी १६ मिमीला जवळपास नाही, ही फिल्म १९२३ मध्ये आली तीच सहज न पेटणाऱ्या सेफ्टी बेसवर. पण पेटीत ३५ मिमीचं १९५१ च्या आधीचं काही सापडलं तर पुसू नका, प्रोजेक्टरवर तर अजिबात चढवू नका. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीपासून प्रभातपर्यंत किती काम या गावात झालं आणि त्यातलं किती थोडं उरलं, हे तुम्हाला सांगायला नको.

बुरशीला पाणी लावायचं नाही. बुरशी इमल्शनमधलं, म्हणजे चित्र असलेल्या थरातलं, जिलेटिन खाते, मग ते पाण्यात विरघळायला लागतं आणि ओल्या फडक्याबरोबर चित्रच निघून येतं. मास्क लावून कोरड्या मखमलीने पुसा, शक्यतो गच्चीवर.

बाकीच्या रिळांनाही सुरुवात कोरड्यानेच. रिवाइंडरवर (रीळ गुंडाळायच्या यंत्रावर) रीळ चढवा, मखमलीची घडी फिल्मभोवती हलकी धरा आणि सावकाश गुंडाळा. थोड्या थोड्या फुटांनी थांबून फडकं बघा. काळी रेघ दिसली की घडी बदला. इथेच लोक कंटाळतात. फडक्यात अडकलेला एक खडा पुढच्या सगळ्या फिल्मवर सरळ ओरखडा ओढत जातो, आणि पडद्यावर पाऊस पडतोय असं दिसतं ते त्यामुळेच.

यानंतरही तेल राहिलं तरच द्रावण. घरी एकच चालेल: ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. मेडिकलमधलं ७० टक्केवालं नको, त्यात उरलेलं पाणीच असतं. फडकं दमट हवं, ओलं नाही, आणि फिल्म टेक-अप रिळावर, म्हणजे गुंडाळून घेणाऱ्या रिळावर, पोचायच्या आत कोरडी झाली पाहिजे, नाहीतर डाग पडतात. हे काम आपल्या पावसाळ्यात करूच नका. अल्कोहोल उडताना फिल्म गार होते आणि दमट हवेतलं पाणी तिच्यावर बसतं. दिवाळी ते होळी हा काळ चांगला. खिडक्या उघड्या, गॅस बंद. टेपने मारलेले जोड असतील तर त्यांचा गोंद सुटू शकतो, तिथे फडकं उचला. कडेला आवाजाची तपकिरी मॅग्नेटिक पट्टी असेल तर मी द्रावण लावतच नाही.

आता तुम्ही विचारलेल्या मशीनबद्दल. लॅबमधल्या अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये फिल्म द्रावणाच्या टाकीतून जाते, ध्वनिलहरींनी बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि घाण सुटते. पुढे फवारा, पुसणारे बफर, गरम हवा. पूर्वी यात १,१,१-ट्रायक्लोरोइथेन असायचं. ओझोनच्या थरामुळे माँट्रियल करारात ते गेलं, विकसित देशांत १९९६ पासून बंद. मग कुणी पर्क्लोरोइथिलीन घेतलं, कुणी महागडी एचएफई (हायड्रोफ्लुरोईथर) द्रावणं. पर्क म्हणजे ड्रायक्लीनिंगवाल्यांचंच. १२१ अंशाला उकळतं, म्हणून वाळवायला उष्णता लागते, आणि बहुधा कॅन्सरकारक या गटात मोडतं. ते बंद मशीनमध्येच शोभतं. त्याची एक करामत मात्र मानली पाहिजे: त्याचा अपवर्तनांक १.५० च्या आसपास, बेसचा १.४८. वेट गेटमध्ये, म्हणजे फिल्म द्रावणात भिजलेली असतानाच स्कॅन करायच्या सोयीत, बेसच्या बाजूच्या ओरखड्यात ते भरलं की प्रकाश तिथे वाकत नाही आणि ओरखडा स्कॅनमध्ये दिसतच नाही. इमल्शन खरवडलं असेल तर तिथे हा उपाय चालत नाही.

म्हणून स्कॅन करायला देणार असाल तर पैसे तिथे खर्च करा आणि आधीच विचारा: साफ कशाने करता, वेट गेट आहे का, कोरडे चिकट रोलर आहेत का. हे रोलर पॉलियुरेथेनचे असतात, धूळ उचलतात आणि पाण्याने धुऊन पुन्हा वापरता येतात. वास येणारी रिळं आधी पाठवा. ती आक्रसत जातात, आणि फार आक्रसली की भोकं स्प्रॉकेटच्या दात्यांवर बसत नाहीत.