संबंध न बिघडवता ग्राहकाकडून बिलाचे पैसे वेळेवर कसे मिळवावेत?

तुम्ही लिहिलंय की मिरजेत तुमचा कोरोगेटेड बॉक्सचा छोटा कारखाना आहे आणि दोन मोठ्या पार्ट्या तीन-तीन महिने पैसे देत नाहीत. आठवण करून देणारं एखादं ॲप आहे का आणि व्याज लावावं का, असं विचारलंय. ॲपचं शेवटी सांगते. आधी ते 'संबंध न बिघडवता' बघू, कारण त्याच शब्दांवरून आमच्या घरात कित्येक वर्षं वाद चाललाय.

कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. फाउंड्रीकडून कास्टिंग येतं, आम्ही टर्निंग-ड्रिलिंग करून पाठवतो. आण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी, दोन लेथवर सुरुवात केली. आता शॉप हे आणि थोरले दीर बघतात, बिलं आणि वसुली माझ्याकडं. मी काम हातात घेतलं तेव्हा वसुलीची पद्धत एकच होती. दिवाळीला मिठाई घेऊन आण्णा पार्टीकडं जायचे आणि पैशाचा विषय निघाला तर निघाला. "मागितलं की माणूस तुटतो," हे त्यांचं ठाम मत. भाऊजींचंही तेच.

एका मोठ्या पार्टीकडं आमचे सव्वासहा लाख अडकले होते. पीओवर, म्हणजे त्यांच्या खरेदीच्या ऑर्डरवर, ६० दिवसांची मुदत लिहिलेली, प्रत्यक्षात चार महिने उलटले तरी पत्ता नाही. इकडं बिल केलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेला त्यावरचा जीएसटी आपल्या खिशातून जातो, पार्टीनं पैसे दिलेले असोत वा नसोत. शनिवारी पगार, महावितरणचं बिल, टूलचं दुकान रोखीचं. म्हणजे त्यांचा धंदा आमच्या सीसीवर, बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर, चालला होता आणि व्याज आम्ही भरत होतो. याला संबंध म्हणायचं?

फोनवर "पुढच्या आठवड्यात बघू" ऐकून कंटाळले आणि सरळ त्यांच्याकडं गेले. परचेसच्या साहेबांकडं नाही, अकाउंट्सच्या टेबलावर. तिथं कळलं की आमच्या निम्म्या बिलांची त्यांच्याकडं नोंदच नाही. माल गेटवर आला होता, चलनावर शिक्का होता, पण स्टोअरनं जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद-पावती, काढलेला नव्हता. काही मालाचा पीओ त्यांनी मध्येच बदलला होता आणि आम्हाला कळवलं नव्हतं. जीआरएन नाही म्हटल्यावर त्यांच्या सिस्टिमला आमचं देणं शून्य! अकाउंट्समधला मुलगा सरळ होता, त्याच्यापुढं कागदच नव्हता तर तो चेक कशाचा काढणार?

तेव्हापासून मी देय तारखेची वाट बघत नाही. माल पोचला की दोन-तीन दिवसांत स्टोअरला फोन, जीआरएन नंबर द्या. तो मिळाला की अकाउंट्सला एकच मेल, त्यात बिल, सही-शिक्क्याचं चलन, जीआरएन आणि देय तारीख. त्यांची पेमेंटची यादी महिन्यातून कोणत्या तारखेला लागते तेही विचारून ठेवते. या फोनमध्ये आपण पैसे मागतच नाही, त्यामुळे कुणी दुखावायचा प्रश्नच येत नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथंच आहे.

पास होऊनही पडून राहिलेल्या बिलांसाठी मात्र कायदाच लागतो. लहान उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणं लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर मुदत चालत नाही, करार नसेल तर १५ दिवस. पीओवर पार्टीनं ६० काय, ९० छापले तरी ते चालत नाहीत. मालाबद्दल तक्रार असेल तर ती १५ दिवसांत लेखी करायची असते, चार महिन्यांनी "रिजेक्शन होतं" म्हणता येत नाही. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज. बिलावर उद्यम नंबर, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडं केलेल्या नोंदणीचा नंबर, ठळक छापा आणि ही व्याजाची ओळ खाली टाका.

आयकराचं कलम ४३बी(एच) आलं आणि मार्च २०२४ मध्ये चित्रच पालटलं. लहान उद्योगाची मुदत उलटलेली रक्कम ३१ मार्चपर्यंत दिली नाही, तर पार्टीला ती त्या वर्षी खर्चात धरता येईना. त्या पार्टीच्या अकाउंट्समधून मलाच फोन, "मॅडम, उद्यम सर्टिफिकेट पाठवा." ३१ मार्चच्या आत सगळं जमा झालं. दुसऱ्या एका पार्टीच्या परचेसवाल्यानं मात्र सांगितलं, उद्यम रद्द करा, नाहीतर काम दुसरीकडं जाईल. भाऊजी म्हणाले, एका कागदापायी पार्टी घालवायची का? मी रद्द करू दिलं नाही. काम हळूहळू कमी होत बंद झालं, आणि ते अजून जेवताना मला ऐकवलं जातं. पण ती पार्टी गेल्यावर आमची सीसीची लिमिट पहिल्यांदा महिनाअखेरीस शिल्लक राहिली, हे कुणी बोलत नाही. असं रद्द करायला सांगणारा फोन तुम्हाला आला तर अजिबात ऐकू नका.

आणि माणूस तुटतो म्हणणाऱ्यांना मी एकच विचारते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात १४ दिवसांत बिल आणि उशिराला १५ टक्के व्याज लिहिलंय. बिल थकलं की आपल्या जिल्ह्यात रस्ता अडवला जातो. आण्णा स्वतः त्या मोर्चांना गेलेत. ऊसबिल मागणारा शेतकरी हक्काचं मागतो, आणि त्याचीच सून मशिनिंगचं बिल मागते तेव्हा ती संबंध बिघडवते? आण्णांनी यावर अजून उत्तर दिलेलं नाही.

व्याजाचं म्हणाल तर लिहा जरूर, पण मुद्दल आलं की मी व्याजासाठी अडून बसत नाही. एमएसएमईडी कायद्याखाली सरकारच्या पोर्टलवर तक्रार केली की काम बहुधा जातं आणि निकालालाही वेळ लागतो, म्हणून पार्टी सोडायची ठरवल्यावरच तिकडं जा. निकाल आपल्या बाजूनं लागला तर आव्हान द्यायला त्यांना ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, हे मात्र मोठं बळ आहे.

हे सगळं सूक्ष्म आणि लघु उद्योगांपुरतं. बॉक्स तुम्ही स्वतः बनवत असाल तर लागू, नुसते आणून विकत असाल तर नाही, व्यापाऱ्याला उद्यम मिळालं तरी हे संरक्षण मिळत नाही. आयकराच्या त्या तरतुदीचा धाकही खरा मार्चअखेरीलाच असतो. पार्टी २५० कोटींच्या वर उलाढालीची कंपनी असेल तर ट्रेड्स या बिलांवर आधी पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचावर नोंदणी तिला सक्तीची आहे. तिथं बिल मंजूर झालं की थोडं कापून पैसे आधी मिळतात. आणि दरवर्षी किती येणं बाकी आहे त्याच्या पत्रावर पार्टीचा सही-शिक्का घ्या, नाहीतर तीन वर्षांनी दाव्याची मुदत संपते.

ॲपचं विचारलंत, तर मी टॅलीतून दर सोमवारी येण्यांची यादी काढते आणि फोन करते.