केस बंद झाली, पण नाव यादीत गेलं

प्रश्न : मी पुण्यात मानसशास्त्रात एम.ए. केलं. नऊ वर्षं कॅलिफोर्नियात आहे. प्रीस्कूलमध्ये शिकवायचं म्हणून कम्युनिटी कॉलेजात बालशिक्षणाचे १२ युनिट्स पूर्ण करत आणलेत. तीन महिन्यांपूर्वी आठ वर्षांच्या मुलाला रागाच्या भरात उलथन्याने मारलं. दंडावरचा वळ शाळेतल्या बाईंनी पाहिला. काउंटीची (म्हणजे इथल्या जिल्हा प्रशासनाची) सोशल वर्कर दोनदा घरी येऊन गेली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला नाही, केस बंद झाली असं सांगितलं. १९ दिवसांपूर्वी पत्र आलं की माझं नाव ‘चाइल्ड अब्यूज सेंट्रल इंडेक्स’मध्ये, म्हणजे मुलांशी गैरवागणुकीच्या तक्रारींच्या राज्याच्या यादीत, पाठवलं आहे. नवरा म्हणतो, कोर्टकचेरी झालेली नाही, फेकून दे. मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलंय. माझ्या नोकरीचं काय होईल?

उत्तर : ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी ते पत्र ड्रॉवरमधून काढा. त्यावरची तारीख बघा. तुमच्या हातात पडलं तो दिवस नव्हे, पत्रावर छापलेली तारीख. त्या तारखेपासून ३० दिवसांत सुनावणी मागावी लागते. मुदत टळली की तो हक्क तुम्ही सोडला असं धरतात. पत्राचा फॉर्म एसओसी ८३२ असेल, तर सुनावणी मागायचा फॉर्म आहे एसओसी ८३४. तो भरून काउंटीकडे पोचवा आणि पोचल्याचा पुरावा जवळ ठेवा.

तुमच्या यजमानांची गफलत कुठे होते ते समजतं. आपल्याकडे २०१८ मध्ये लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद सुरू झाली, ती कोर्टात दोषी ठरलेल्यांची. त्यामुळे कोर्ट नाही म्हणजे नोंद नाही, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. कॅलिफोर्नियाचा हा इंडेक्स १९६५ पासून आहे आणि तो शिक्षेचा नाही, तक्रारींचा आहे. सोशल वर्करने चौकशी करून ‘सब्स्टॅन्शिएटेड’ असा शेरा मारला, म्हणजे गैरवागणूक झाल्याची शक्यता जास्त आहे असं ठरवलं, की नाव राज्याच्या न्याय विभागाकडे जातं. न्यायाधीश लागत नाही, अटकही लागत नाही. ‘केस बंद’ याचा अर्थ एवढाच, की काउंटी आता तुमच्या घरी येणार नाही. आणि सज्ञान माणसाचं नाव एकदा गेलं की ते वयाची १०० वर्षं होईपर्यंत राहतं. शंभर वर्षं, ताई!

या यादीने निर्दोष माणसांनाही पोळलं आहे. हम्फ्रीज नावाच्या जोडप्याला फौजदारी कोर्टाने निर्दोष ठरवलं, बाल न्यायालयानेही आरोप खरे नाहीत असं सांगितलं, तरी नावं तशीच राहिली. दाद मागायची सोयच नव्हती. २००८ मध्ये फेडरल अपील कोर्टाने हे घटनेच्या विरुद्ध आहे असं ठरवलं. आज सुनावणी मागता येते, ती अशा लोकांनी भांडून मिळवलेली आहे. तुम्ही ती हातची घालवू नका.

सुनावणीत काउंटीला आपला पुरावा मांडावा लागतो. तुमच्याविरुद्धची कागदपत्रं आधी मागून घ्या, वकील सोबत न्या. वळ उठला हे नाकारायला जाऊ नका, ते फोटोत असेल. प्रश्न असा असतो, की जे झालं ते कायद्याच्या व्याख्येतलं ‘अब्यूज’ होतं का. सांता क्लारा काउंटीतल्या एका आईने बारा वर्षांच्या मुलीला लाकडी चमच्याने मारलं होतं, वळ उठले होते, नाव यादीत गेलं होतं. २०१४ मध्ये अपील कोर्टाने तिच्या बाजूने निकाल दिला. तुमचंही तसंच होईल असं मी म्हणणार नाही. तिचा मार शिक्षेचा होता, तुम्ही स्वतः ‘रागाच्या भरात’ असं लिहिलंय, आणि हा फरक तिथे महत्त्वाचा ठरू शकतो. म्हणून वकिलाला सगळं खरं सांगा. मुलाला मात्र काहीही पढवू नका.

आता नोकरी. प्रीस्कूलसाठी ‘लाइव्ह स्कॅन’ या संगणकीय यंत्रावर बोटांचे ठसे होतात, तेव्हा गुन्ह्यांच्या नोंदीबरोबर हा इंडेक्सही तपासला जातो. नाव सापडलं तर परवाना देणाऱ्या विभागाने काउंटीची मूळ फाइल स्वतः तपासायची असते. नुसतं नाव आहे म्हणून नकार देता येत नाही. पण तोवर काम अडतं, आणि वाट बघायला कुठलं प्रीस्कूल तयार होणार? ही यादी सगळ्यांना खुली नसते, त्यामुळे एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीत तुम्हाला ती आडवी येणार नाही. नेमकं मुलांमध्ये काम करायचं तिथेच येते. म्हणून सुनावणीचा निकाल लागेपर्यंत अर्ज थांबवा, युनिट्स मात्र पूर्ण करा. अर्जात याबद्दल विचारलं तर लपवू नका. नाव खरंच आहे का, ते तुम्ही स्वतःही न्याय विभागाला नोटरी केलेल्या अर्जाने विचारू शकता.

(न्यूयॉर्कमधल्या वाचकांनी हे नियम स्वतःला लावू नयेत. तिथलं रजिस्टर वेगळं आहे आणि १ जानेवारी २०२२ पासून तिथे आरोप नोंदवायला आधीपेक्षा भक्कम पुरावा लागतो.)

शाळेतल्या बाईंवर तुमचा राग असू शकतो. पण नुसती शंका आली तरी लगेच फोन करायचा आणि ३६ तासांत लेखी कळवायचं, हे कॅलिफोर्नियाच्या कायद्याने त्यांच्यावर बंधनकारक आहे. प्रीस्कूलमध्ये तुम्ही उभ्या राहाल त्या दिवशी हेच बंधन तुमच्यावर येईल. दुसऱ्याच्या लेकराच्या दंडावर वळ दिसला तर फोन तुम्हाला करावा लागेल. ते जमेल का, याचा विचार शांतपणे करा. जमेल असं वाटलं तर मी तुम्हाला या क्षेत्रातून मागे फिरा असं मुळीच सांगणार नाही. मानसशास्त्र शिकलेली, स्वतः यातून गेलेली बाई वर्गात असणं मुलांच्या हिताचंच आहे.

उद्या सकाळी फॉर्म पाठवा. आणि पत्र ज्या पाकिटातून आलं तेही जपून ठेवा. पत्र काउंटीतून नेमकं कधी निघालं याचा वाद झालाच, तर पोस्टाचा शिक्का त्यावर आहे.