पुण्याहून न्यूयॉर्कला विमानाने किती अंतर आहे आणि पोहोचायला किती वेळ लागतो?

आई-बाबा पहिल्यांदाच बहिणीकडे निघालेत असं तुम्ही लिहिलंय, म्हणून नुसता आकडा न देता घराच्या दारापासूनचा हिशोब सांगतो.

सरळ हवाई अंतर सुमारे १२,६०० किलोमीटर. पण पुण्याहून थेट विमान नाही. पुण्याचा लोहगाव विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ, धावपट्टी अडीच किलोमीटरहून जेमतेम जास्त. एवढ्या लांबचं इंधन भरलेलं मोठं विमान तिथून उडवणं अवघड. त्यामुळे मुंबई, दिल्ली किंवा आखात गाठावं लागतं.

मुंबईहून थेट विमानाला साधारण सोळा तास लागतात. पृथ्वीगोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तो अरबस्तानावरून न जाता थेट उत्तरेला रशिया, आइसलँडच्या बाजूने जातो. प्रत्यक्षात विमानाला कुठली हवाई हद्द खुली आहे ते बघावं लागतं. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हद्द बंद केली, तेव्हा त्यांच्या विमानांना वळसा पडला. येताना पश्चिमेकडून वाहणारे जोरदार वारे पाठीशी असतात, त्यामुळे दीड-दोन तास वाचतात.

तिकिटावरच्या वेळांनी मात्र गोंधळू नका. त्या त्या-त्या शहरातल्या घड्याळाच्या असतात. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे, उन्हाळ्यात साडेनऊ. मुंबईहून रात्री दोनला निघालेलं विमान हिवाळ्यात त्याच दिवशी सकाळी साडेसातला उतरलेलं दिसेल. कागदावर साडेपाच तास, अंगावर सोळा!

आता खरा हिशोब. रात्री दोनच्या विमानासाठी अकरापर्यंत मुंबई विमानतळावर असायला हवं. खंडाळ्याच्या घाटात गाड्या कधी तुंबतील सांगता येत नाही, म्हणून कोथरूडहून संध्याकाळी पाचलाच निघायचं. तिथून विमान उतरेपर्यंत पंचवीस तास. पुढे इमिग्रेशनची रांग, सामान, आणि बहिणीच्या घरापर्यंतचा रस्ता. सत्तावीस-अठ्ठावीस तास धरूनच चाला.

दुबईमार्गे अंतर फारसं वाढत नाही, जेमतेम चारशे किलोमीटर. मुंबई-दुबई तीन-साडेतीन तास, पुढे चौदा. वाढतो तो थांब्याचा वेळ. गुडघे दुखत असतील, सोळा तास एका जागी बसवत नसेल तर तीन-चार तासांचा थांबा उलट बरा. दीड तासाचा मात्र घेऊ नका, पहिलं विमान रेंगाळलं की वयस्कर माणसांची फार धावपळ होते. भाषेची अडचण असेल तर मी थेट विमानच घेईन, भाडं थोडं जास्त पडलं तरी.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. स्वस्त पडतं म्हणून पुणे-दुबई आणि दुबई-न्यूयॉर्क अशी दोन वेगळी तिकिटं काढू नका. सामान दुबईत उतरवून घ्यावं लागू शकतं, त्यासाठी तिथला व्हिसा लागेल, आणि पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. सगळा प्रवास एकाच तिकिटावर हवा.

बुकिंग करतानाच दोघांसाठी व्हीलचेअर मागून ठेवा, चालता येत असलं तरी. सोबतचा कर्मचारी इमिग्रेशनपर्यंत नेतो. रोजच्या गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत, आणि बहिणीचा पत्ता व फोन नंबर दोघांच्याही खिशात लिहून द्या.