आरोग्य-विचारणा : चाळिशी-पन्नाशीतले वजन

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी वजनाविषयीची आहेत. त्यांतील तीन येथे घेतली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे वय ४९, उंची १६८ सेंटिमीटर आणि वजन ८२ किलो आहे. कचेरीत दिवसभर बैठे काम असते. गेले सहा महिने रोज पहाटे अजिंक्यतारा किल्ल्यावर चढून जातो. सुरुवातीला तीन किलो वजन उतरले. त्यानंतर काटा जागचा हललेला नाही. रात्रीची भाकरी बंद केली आहे आणि सकाळी कोमट पाण्यातून मध-लिंबू घेतो. या वयात चयापचयच मंदावतो, त्यामुळे कितीही केले तरी उपयोग नाही, असे बरोबर फिरणारे मित्र म्हणतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे सर्वत्र ऐकू येते, पण त्याला फारसा आधार नाही. ‘सायन्स’ या नियतकालिकात २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, २९ देशांतील सहा हजारांहून अधिक लोकांच्या अभ्यासात असे आढळले, की शरीरातील चरबी वगळून उरणारे वजन हिशेबात धरले तर विसाव्या वर्षापासून साठीपर्यंत माणसाचा दैनंदिन ऊर्जाखर्च जवळपास स्थिर राहतो. बदलते ते हे चरबीविरहित वजनच, म्हणजे मुख्यतः स्नायू. तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात आणि बैठ्या कामात ही झीज अधिक होते. काट्यावरचा आकडा वर्षानुवर्षे तोच राहिला तरी मांड्या बारीक होत जातात आणि पोट सुटत जाते, हे आपण आपल्या समवयस्कांमध्ये पाहिलेच असेल.

किल्ल्यावर चढणे हा हृदयासाठी आणि फुप्फुसांसाठी उत्तम व्यायाम आहे. तो सोडू नये. मात्र त्यात खर्च होणारी ऊर्जा ढोबळमानाने तीनशे-साडेतीनशे कॅलरी असते आणि खाली उतरल्यावर एक प्लेट मिसळ-पाव व गोड चहा घेतला तर ती तिथल्या तिथे भरून निघते. शिवाय वजन उतरले, की हलक्या झालेल्या शरीराला त्याच चढणीसाठी कमी ऊर्जा लागते आणि भूक मात्र वाढते. सुरुवातीच्या तीन किलोंत काही भाग पाण्याचाही असणार. त्यामुळे काटा थांबणे स्वाभाविक आहे. त्याने खचून जाण्याचे कारण नाही; पुढची पायरी चढण्याची ती वेळ आहे.

ती पायरी म्हणजे स्नायूंना ताण देणारा व्यायाम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा आणि त्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना बळकटी देणारा व्यायाम करावा. पहिला भाग लोक करतात आणि दुसरा बहुतेक जण सोडून देतात. हे विशेष अशासाठी, की ज्या सातारा-सांगली भागात तालमी आहेत आणि जोर-बैठकांशिवाय पोराला आखाड्यात उतरू देत नाहीत, त्याच भागात चाळिशी उलटलेला माणूस व्यायाम म्हणजे फक्त फिरणे असे समजून चालतो.

पहिल्याच दिवशी तालमीतल्यासारख्या पूर्ण बैठका मारू नयेत, गुडघे कुरकुरतील. हात नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही पाय खांद्यांइतके अंतर ठेवून जमिनीवर घट्ट रोवावेत, हातांची घडी छातीवर घालावी, किंचित पुढे झुकून टाचांवर भार देत उभे राहावे आणि मनात तीन आकडे मोजत सावकाश खाली बसावे. धपकन बसल्यास व्यायामाचा अर्धा लाभ गेला असे समजावे, कारण खाली येताना शरीर सावरण्यातच मांडीच्या स्नायूंना खरे काम पडते. असे आठ ते दहा वेळा, मध्ये एक-दोन मिनिटे थांबून तीन फेऱ्या, एक दिवसाआड करावे. बारा सहज जमू लागल्यावर दोन किलो तांदळाची पिशवी छातीशी धरावी. जोरांचेही असेच आहे : प्रथम भिंतीला हात टेकून, पुढे स्वयंपाकघराच्या ओट्याला आणि शेवटी जमिनीवर. भार थोडा थोडा वाढत गेला तरच स्नायू वाढतात. सूर्यनमस्कार मला प्रिय आहेत. त्यांचा प्रसार करणारे औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आपल्याच जिल्ह्यातले. लवचिकतेसाठी ते उत्तम, पण पायांवरचा भार त्यात वाढवता येत नाही, म्हणून केवळ त्यांवर विसंबू नये.

आता आहार. मधाने चरबी वितळत नाही; चमचाभर मधात वीसेक कॅलरी असतात, एवढाच त्याचा हिशेब. ज्वारीची साठ ग्रॅम पिठाची भाकरी सुमारे दोनशे कॅलरींची असते आणि तिच्यातून सहाएक ग्रॅम प्रथिनेही मिळतात. ती बंद करून रात्री दहा वाजता फरसाणाचा डबा उघडला जात असेल, तर भाकरी पुन्हा सुरू केलेली बरी. कात्री लावायची असेल तर तेलाला लावावी. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर दरडोई रोज ३८ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ साडेतीनशे कॅलरी पोटात जातात. आपल्या रोजच्या चढणीइतक्याच. त्यात बाहेरची भजी-वडे धरलेले नाहीत.

प्रथिनांकडे मात्र आवर्जून लक्ष द्यावे. आपल्यासारख्यांनी दिवसाला साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिने घ्यावीत असे मी सुचवतो. पातळ आमटीच्या वाटीत चार-पाच ग्रॅमच असतात. वाटीभर मटकीची किंवा हुलग्याची उसळ, वाटीभर दही, पेलाभर दूध, दोन अंडी, मूठभर शेंगदाणे आणि दोन भाकऱ्या एवढे दिवसभरात विभागून घेतले तर बेरीज पन्नासच्या जवळ जाते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

आपला शरीरभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग) २९ येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. परंतु दर आठवड्याला काट्यावर उभे राहण्यापेक्षा महिन्यातून एकदा कंबर मोजावी. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर फीत धरावी. पँटच्या मापावर जाऊ नये, कारण पोट सुटलेला माणूस पट्टा पोटाखाली बांधतो आणि आपले माप वाढलेले नाही असे समाधान मानतो. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही मर्यादा आहे. चढताना छातीत दडपण आल्यास किंवा जबड्यात वा हातात कळ गेल्यास तिथेच थांबावे आणि त्याच दिवशी तपासून घ्यावे; ‘गॅस असेल’ म्हणून घरी जाऊ नये. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांची साखर उपाशीपोटी चढताना एकदम उतरू शकते, हेही आपल्या फिरण्याच्या गटातील मंडळींना सांगावे.

प्रश्न : वय ४६. पाळी अनियमित झाल्यापासून दोन वर्षांत सात किलो वजन वाढले, तेही सगळे पोटावर. थायरॉइडची गोळी चालू आहे आणि तपासणी ठीक येते. गुरुवार, चतुर्थी असे उपवास करूनही फरक पडत नाही.
— एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : थायरॉइड कमी पडल्याने वाढणारे वजन बहुधा दोन-चार किलोच असते आणि त्यातही क्षार व पाणी अधिक. तपासणी ठीक येत असेल तर थायरॉइडला दोष देता येणार नाही. रजोनिवृत्तीच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि मांड्या-नितंबांवर साठणारी चरबी पोटाकडे वळते. आपल्याला जाणवणारा बदल हा आहे. स्त्रियांसाठी कमरेची मर्यादा ८० सेंटिमीटर आहे.

आपण कोणता उपवास करता हे लिहिलेले नाही, पण साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. तुपातली खिचडी दोनदा खाल्ली तर उपवासाच्या दिवशी एरवीपेक्षा जास्तच खाणे होते. दही, दूध, ताक, राजगिरा, फळे यांवर तो दिवस काढता येतो. आणखी एक गोष्ट स्पष्टच लिहितो. आपल्याकडे घरातील दूध-अंडी मुलांच्या आणि नवऱ्याच्या ताटात जातात आणि पातेल्यात उरलेला भात ‘वाया जायला नको’ म्हणून बाईच्या ताटात येतो. आधी आपले ताट वाढून घ्यावे, उरलेले फ्रिजमध्ये जावे. वर सांगितलेला खुर्चीचा आणि भिंतीचा व्यायाम आपल्याला अधिकच आवश्यक आहे, कारण या वयानंतर हाडेही वेगाने विरळ होऊ लागतात आणि नुसत्या चालण्याने त्यांना पुरेसा भार मिळत नाही. गुडघे दुखत असतील तर हेही ध्यानात घ्यावे, की वजन एक किलोने उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असे एका अभ्यासात दिसले आहे.

प्रश्न : वजन कमी करणारे इंजेक्शन ओळखीच्या औषध दुकानातून मिळते असे कळले. घ्यावे का? वय ५२, वजन ७६ किलो, उंची १७० सेंटिमीटर, दुसरा आजार नाही.
— एक वाचक, विटा, जि. सांगली

उत्तर : घेऊ नये. अशा इंजेक्शनांपैकी टिर्झेपटाइड भारतात मार्च २०२५ मध्ये आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये आले. ही औषधे प्रभावी आहेत, पण ती शरीरभार निर्देशांक ३० च्या पुढे असणाऱ्यांसाठी किंवा २७ च्या पुढे असून मधुमेह, रक्तदाब असा जोडविकार असणाऱ्यांसाठी आहेत. आपला निर्देशांक २६ च्या आसपास आहे. मळमळ व उलट्या हे त्यांचे नेहमीचे त्रास आहेत, स्वादुपिंडाचा दाह पूर्वी झालेल्यांना फार जपावे लागते आणि औषध थांबवल्यावर उतरलेले वजन बहुतेकांच्या बाबतीत पुष्कळसे परत येते. उतरणाऱ्या वजनात स्नायूही असतात, त्यामुळे ज्यांना ती खरोखर लागतात त्यांनाही बैठका चुकत नाहीत. चिठ्ठीशिवाय ही औषधे देणारे दुकान ओळखीचे असले तरी तिथून ती घेऊ नयेत. तूर्त रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्यावे आणि त्यांचे आकडे घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे.