दंगलीच्या चौकशी आयोगापुढे साक्ष द्यावी का? – एका भिवंडीकराचं उत्तर

तुम्ही विचारलंय, की तुमच्या गावात मिरवणुकीवरून दंगल झाली, माणसं मेली, सरकारने न्यायिक आयोग नेमला; आता डोळ्यांनी पाहिलेलं तिथे जाऊन सांगावं, की अहवाल शेवटी धूळच खाणार म्हणून गप्प बसावं? माझं उत्तर आहे, सांगा.

७ मे १९७० ला मी आठ वर्षांचा होतो. तेव्हा शिवजयंती तिथीने, वैशाख शुद्ध द्वितीयेला व्हायची. वडील भिवंडीत यंत्रमागावर होते. मिरवणूक निघाली, दगड पडले आणि बघता बघता शहर पेटलं. दुसऱ्या दिवशी जळगाव पेटलं. महाडलाही दंगल झाली. एकट्या भिवंडी शहरात ५९ मुसलमान आणि १७ हिंदू मेले. आसपासच्या गावांतले वेगळेच.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी काय झालं ते वडिलांनी माडीवरून पाहिलं होतं. या दंगलींच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने लोकांकडून शपथपत्रं मागवली, तेव्हा ते गेले नाहीत. "आपण बोललो तर आपल्यावरच केस होईल," म्हणायचे. पुढची तीस वर्षं तेच आम्हाला घरात सांगत राहिले, वेळेसकट, कोण कुठल्या बाजूने आला त्यासकट. मी वकील झाल्यावर चौकशी आयोग कायदा, १९५२ वाचला. त्याच्या सहाव्या कलमात स्पष्ट लिहिलंय, की आयोगापुढच्या साक्षीत दिलेलं निवेदन तुमच्याविरुद्ध कुठल्याही दिवाणी किंवा फौजदारी खटल्यात वापरता येत नाही. खोटी साक्ष दिलीत तर मात्र संरक्षण नाही. हे वडिलांना त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर ते गेले असते, असं मला आजही वाटतं. अहवालात मी आमची गल्ली शोधली. जे त्यांनी पाहिलं ते त्यात नाही.

तो अहवाल न्यायमूर्ती दिनशा मादन यांचा. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश, एकसदस्यीय आयोग, चौकशीला काही वर्षं लागली आणि अनेक खंडांचा अहवाल १९७५ मध्ये छापून आला. जमेल तेवढा वाचाच. 'दोन्ही बाजूंचं चुकलं' असं म्हणून त्यांनी विषय गुंडाळला नाही. शिवजयंतीच्या मिरवणुकीचा मार्ग, मशिदीसमोरच्या घोषणा आणि गुलाल यांवरून आदल्या वर्षांपासून काय काय साचत आलं होतं, ते त्यांनी मागे जाऊन तपासलं. त्या दिवशी खेड्यांतून आलेल्या लोकांच्या हातात भगवे झेंडे लावलेल्या लाठ्या होत्या. झेंडा म्हणून आलेली काठी लाठी कधी होते, हा प्रश्न तुमच्या गावातही असणार. मुसलमानांना डिवचण्यासाठी मिरवणुकीतल्या लोकांनी मुद्दाम केलेलं वर्तन हे दंगलीचं तात्कालिक कारण, असा निष्कर्ष त्यांनी काढला. नंतरच्या तपासासाठी नेमलेल्या विशेष पोलीस पथकाबद्दल तर ते फारच कठोर आहेत. त्या पथकाचं काम म्हणजे धार्मिक भेदभावाचा नमुना, असं त्यांचं मत. मेलेल्यांत मुसलमान जास्त आणि अटकेतही मुसलमानच कितीतरी जास्त, हे त्यांनी कागदावर आणलं. पोलिसांची कागदपत्रं आणि लोकांच्या साक्षी शेजारी ठेवल्या म्हणूनच ते दिसलं.

आता तुमची शंका. आयोग शिक्षा देत नाही. त्याचा अहवाल सरकारवर बंधनकारक नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच सांगून ठेवलंय. सहा महिन्यांत अहवाल आणि कार्यवाहीचं टिपण विधिमंडळापुढे ठेवावं असं कायदा म्हणतो, पण टिपण ठेवणं वेगळं आणि कार्यवाही करणं वेगळं. १९९२-९३ च्या मुंबई दंगलींची चौकशी करणारा श्रीकृष्ण आयोग तर जानेवारी १९९६ मध्ये सरकारने गुंडाळलाच होता, मे महिन्यात पुन्हा सुरू केला, म्हणून १९९८ मध्ये अहवाल तरी आला. आणि भिवंडी मादन अहवालानंतरही १९८४ मध्ये पुन्हा जळली. हे मी लपवणार नाही.

पण १९८८ पासून सुरेश खोपडे या पोलीस उपायुक्तांनी भिवंडीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या. वस्तीवस्तीत हिंदू, मुसलमान आणि पोलीस नेहमी एकत्र बसू लागले, दंगल झाल्यावर भरवायच्या शांतता समितीसारखं नव्हे. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. पोलीस आणि वस्ती यांच्यातलं जे तुटलेपण मादन अहवालात पानोपानी दिसतं, नेमकं तेच त्यांनी हाताळलं. बिघाड कुठे आहे हे लिहून ठेवलेलं नसेल तर पुढचा अधिकारी दुरुस्ती कशाची करणार?

तेव्हा शपथपत्र द्या. आयोगाची जाहीर नोटीस आधी नीट वाचा, कार्यकक्षा आणि मुदत दोन्ही त्यात असतात. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहा. तुम्ही कुठे उभे होतात, किती अंतरावर, साधारण किती वाजता, कोणतं गाणं किंवा घोषणा चालू होती, पोलीस होते का, हे लिहा. माणूस ओळखला नसेल तर 'ओळखला नाही' असंच लिहा, शेजाऱ्याने सांगितलेलं नाव घालू नका. उलटतपासणीत तिथेच साक्ष कोसळते. मोबाइलवर व्हिडिओ असेल तर मूळ फाइल पुसू नका, ती व्हॉट्सॲपवर फिरवूही नका. दाखल करताना एका प्रतीवर पोच घ्या. मराठीत लिहिलं तरी चालतं, इंग्रजी करून देणाऱ्याला पैसे देत बसू नका.