नुसता झोपून आहे, तेव्हा काय बघायचं

गोव्यात पर्यटनाच्या सीझनमध्ये पार्ट्यांवर रात्री जागवणारा मुलगा दोन-तीन दिवस झोपूनच आहे, उठला की अधाशासारखा खातो, खेकसतो, परत आडवा होतो. याला आळस म्हणून मोकळे होऊ नका. कोकेन, मेथ, मेफेड्रोन ही तरतरी आणणारी नशा सुटली की काही तासांत, फार तर काही दिवसांत हे सुरू होतं: गळाठा, भूक, अंगावर येणारी स्वप्नं, कशातच गोडी नाही आणि तलफ. जोर पहिल्या आठवड्यात असतो, बहुतेकांचा दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. तलफ मात्र नंतरही डोकं वर काढते.

व्यसनमुक्तीच्या कामातले नवे कार्यकर्ते फसतात ते इथे: हात थरथरणं, भास, फिट ही दारू सुटल्याची लक्षणं, नाक गळणं, अंगावर काटा, जुलाब हे ब्राउन शुगर (भेसळीचं हेरॉइन) सुटल्याचं. आपल्याकडे दारू बहुधा सोबत असतेच, म्हणून शेवटचा पेग कधी घेतला ते आधी विचारा. फिट, छातीत दुखणं, किंवा हलवूनही जाग न येणं, यातलं काहीही दिसलं तर थेट १०८.

सगळ्यात जास्त भीती आत्महत्येची. 'जीव द्यावासा वाटतो का?' असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका, बांबोळीला मानसोपचार संस्थेत न्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही लागतो. बाकी झोपू द्या, पेज, पाणी द्या. झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नका.