आताच्या मोबाइलची बॅटरीही पूर्ण उतरवूनच चार्ज करायची का?
नाही, तसं अजिबात करू नका. तो नियम जुन्या फोनमधल्या निकेल-कॅडमियम बॅटरीचा. ती अर्धवट उतरलेली असताना वारंवार चार्ज केली, की लवकर संपायला लागायची. आता फोनमध्ये लिथियम-आयन असते. १९८५ मध्ये जपानी रसायनशास्त्रज्ञ अकिरा योशिनो यांनी तिच्यात शुद्ध लिथियमऐवजी कार्बन वापरून ती सुरक्षित केली, १९९१ मध्ये सोनीने बाजारात आणली. निकेलचा सेल १.२ व्होल्टचा, लिथियम-आयनचा साधारण ३.७ चा, जिथे तीन सेल लागायचे तिथे एक पुरतो, खरोखर कमाल आहे! हिला बाधतं ते शून्यावर नेणं आणि उष्णता. वीस टक्क्यांवर आली की लावा चार्जरला. आणि फोनचं मागचं झाकण फुगून उचललेलं दिसलं, तर कृपा करून चार्ज करू नका, आधी बॅटरी बदलून घ्या.